गुडघा तोच, बिल मात्र दीडपट

आमच्या घरी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन बिलं जपून ठेवलेली आहेत. एक आत्याचं, एक धाकट्या काकांचं. दोघांचाही उजवा गुडघा बदलला. हॉस्पिटल एकच, सर्जन तेच, दोघंही ट्विन शेअरिंगच्या, म्हणजे दोन पलंगांच्या खोलीत. मधे अंतर जेमतेम पाच महिन्यांचं. आत्याचं वय ८१, काकांचं ६६. आत्याचं बिल तीन लाख दहा हजारांच्या आसपास झालं. काकांचं चार लाख ऐंशी हजारांच्या वर गेलं.

"म्हाताऱ्या माणसाचं कमी आणि ह्यांचं जास्त, हे कुठलं गणित?" काकूंनी बिलिंगच्या खिडकीपाशीच विचारलं होतं. तिथल्या मुलीनं नम्रपणे छापील कागद पुढे केला. त्यावर ऐंशी-नव्वद ओळी होत्या आणि उत्तर त्या ओळींमध्येच होतं, पण ते वाचता यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सांधेरोपणाचा खर्च वयावर किती अवलंबून असतो आणि वय सोडून कशावर, हे त्या दोन बिलांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या माहितीपत्रकानं शिकवलं नाही.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. आपल्याला वाटतं, महागडी असते ती "वाटी", म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा. एके काळी ते खरं होतं. पण १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा त्या आदेशानुसार ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूचा ७६,६०० रुपये. त्याआधी साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी पेशंटकडून सरासरी दीड लाखाच्या वर घेतले जात होते. (ही मर्यादा गुडघ्याची होती. खुब्याचा सांधा त्या आदेशात नव्हता.)

याचा अर्थ असा की इम्प्लांटची ओळ साठीच्या माणसाच्या बिलात आणि पंच्याऐंशीच्या माणसाच्या बिलात जवळपास सारखीच दिसते. आत्याच्या आणि काकांच्या बिलात ती रुपयाच्या फरकानं सारखी होती. मग एक लाख सत्तर हजारांचा फरक आला कुठून? दिवसांतून आणि माणसांतून. किती दिवस पलंग अडला, आणि त्या दिवसांत किती डॉक्टर, नर्स, आया, टेक्निशियन यांचे हात लागले, यातून.

पॅकेज कोणासाठी लिहिलेलं असतं

एस्टिमेटच्या काउंटरवर मिळणारा आकडा "पॅकेज"चा असतो. त्यात साधारणपणे ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ, इम्प्लांट, ठरावीक तीन-चार दिवसांची खोली, नेहमीची औषधं आणि हॉस्पिटलातलं फिजिओ, म्हणजे व्यायामोपचार, येतं. हे पॅकेज एका मनातल्या पेशंटसाठी आखलेलं असतं: शुगर आटोक्यात, हृदय ठीक, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहणारा, चौथ्या दिवशी घरी जाणारा. तुमचा माणूस तसा असेल तर पॅकेज म्हणजे पॅकेज. तो तसा नसेल तर कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली ओळ जागी होते. जादा दिवस, आयसीयू, रक्त, इतर तज्ज्ञांच्या व्हिजिट, पॅकेजबाहेरची औषधं, हे सगळं वेगळं.

मुंबईत त्यात आणखी एक गाठ असते. बहुतेक खासगी हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग चढला की नुसतं खोलीभाडं चढत नाही, सर्जनची फी, ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं भाडं, तपासण्यांचे दर, सगळंच त्या पायरीवर चढतं. त्यामुळे जादा राहिलेला एक दिवस हा नुसता पलंगाचा दिवस नसतो.

काकांचे जादा दिवस पाच. आता ते का, हे समजून घ्यायचं तर वय आणि खंगणं यांतला फरक कळायला हवा.

टाकीत पाणी किती

जन्मतारीख शरीराचं वय सांगत नाही, हे आपण लग्नकार्यात रोज बघतो. ऐंशीची आजी वाढायला उभी असते आणि पासष्टचे गृहस्थ खुर्ची शोधत असतात. डॉक्टर याला "फ्रेल्टी" म्हणतात. मराठीत "अशक्तपणा" म्हटलं तर ते तापानंतरच्या थकव्यासारखं वाटतं. मला "खंगणं" हा शब्द जास्त जवळचा वाटतो. माणूस आजारी नसतो, पण आतली शिल्लक संपत आलेली असते.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. महापालिकेनं एक दिवस पाणी कापलं, तर टाकी भरलेल्या इमारतीत कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या इमारतीची टाकी रोजच निम्मी असते, तिथे दुपारी दोनला बादल्या घेऊन लोक खाली. शस्त्रक्रिया ही शरीराची पाणीकपात. रक्त जातं, दोन दिवस नीट जेवण नाही, झोप नाही, वेदना, नवीन औषधं, अनोळखी खोली. भरलेली टाकी हे सोसून नेते. रिकामी टाकी नेत नाही आणि मग बाहेरून टँकर मागवावा लागतो. टँकरचे पैसे बिलात येतात.

ही टाकी मोजता येते. २००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या: वर्षभरात नकळत उतरलेलं वजन, सततची दमणूक, हाताची पकड ढिली होणं, चालण्याचा वेग मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर माणूस खंगलेला, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये आणखी सोपी, नुसतं बघून आणि चार प्रश्न विचारून ठरवायची श्रेणी काढली. ती आता नऊ पायऱ्यांची आहे. आणि सर्वांत स्वस्त चाचणी तर घरात होते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावायची. बारा सेकंदांहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. गुडघाच दुखतोय म्हटल्यावर वेळ थोडा जास्त लागणारच, पण वीस-पंचवीस सेकंद लागत असतील तर गोष्ट नुसत्या गुडघ्याची नाही.

काकांच्या बाबतीत पाचांतल्या तीन खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या आणि आम्ही त्यांचं कौतुक करत होतो. वर्षात सात किलो वजन उतरलं होतं. "बारीक झालात, छान दिसताय," असं मी स्वतः गणपतीत म्हणाले होते. वीस वर्षांचा मधुमेह, बँकेतून निवृत्ती, मुलुंडला टॉवरमध्ये लिफ्ट, दारात रिक्षा. लोणच्याची बरणी उघडायला ते काकूंकडे द्यायचे आणि त्यावर आम्ही विनोद करायचो.

आत्या ठाकूरद्वारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लाकडी जिना, लिफ्ट नाही, पहाटे पाणी भरणं, रोज खाली उतरून भाजी. गुडघा पार वाकडा झाला होता, पण मांडीच्या स्नायूंनी हार मानली नव्हती. चाळीच्या जिन्याचं गुणगान मी करणार नाही, त्याच जिन्यानं गुडघा झिजायला हातभार लावला असेल. तरी तिची टाकी भरलेली होती, हे खरं.

ओळ ओळ वाचताना

आता बिल. काकांचा पहिला जादा खर्च ऑपरेशनच्या आधीच झाला होता. दाखल व्हायच्या तारखेआधी तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, नऊच्या वर निघाली. भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिला नाही. हृदयाचा टू-डी एको, हृदयरोगतज्ज्ञांची व्हिजिट, एण्डोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे मधुमेह-हॉर्मोनच्या तज्ज्ञांची व्हिजिट, सात आठवड्यांनी पुन्हा सगळ्या रक्ततपासण्या. यांतलं बरंचसं पॅकेजबाहेर. चिडून उपयोग नव्हता. वाढलेल्या शुगरवर ऑपरेशन झालं असतं तर जे होऊ शकलं असतं ते यापेक्षा कितीतरी महाग, त्याबद्दल पुढे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. संध्याकाळी रक्तदाब उतरला. एक रात्र एचडीयूमध्ये, म्हणजे आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधल्या खोलीत. तिथे तासागणिक देखरेख असते आणि दरही त्या मानानं असतो. हिमोग्लोबिन आधीच दहाच्या आत होतं, म्हणून एक पिशवी रक्त. आत्याला रक्त लागलं नाही. आजकाल ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देऊन रक्तस्राव बराच रोखतात, त्यामुळे मुळात हिमोग्लोबिन चांगलं असणाऱ्याला सहसा लागतही नाही.

तिसऱ्या रात्री काकांना घाटकोपर स्टेशनला उतरायचं होतं. पहाटे तीनला पलंगावरून उठून ते बॅग शोधू लागले, सलाइनची नळी उपटली, नर्सला "जरा सरका, दारात गर्दी करू नका" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही हसलो, त्या रात्री मात्र काकू थरथरत होत्या. याला डिलिरियम म्हणतात. हा वेडेपणा नाही आणि बहुतेकदा तो ओसरतो. पण खंगलेल्या, वयस्क, कमी ऐकू-दिसणाऱ्या, झोप मोडलेल्या पेशंटमध्ये तो वारंवार दिसतो आणि बिलात तो कधीच "डिलिरियम" या नावानं येत नाही. तो न्यूरोफिजिशियनची व्हिजिट, सोडियम तपासणी, मेंदूचा सीटी स्कॅन, रात्रीची खास आया अशा वेगवेगळ्या वेषांत येतो. त्या गडबडीत फिजिओचे दोन दिवस बुडाले. फिजिओ बुडालं म्हणून चालणं लांबलं, चालणं लांबलं म्हणून लघवीची नळी काढायला उशीर झाला, नळी राहिली म्हणून लघवीला संसर्ग, संसर्ग म्हणून अँटिबायोटिक, अँटिबायोटिकसाठी आणखी दोन दिवस. चौथ्या दिवशी जायचा माणूस नवव्या दिवशी घरी आला.

खंगलेल्या माणसाच्या बिलात एकच मोठी रक्कम क्वचितच सापडते. एक गोष्ट दुसरीला ओढत नेते आणि प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र ओळ पडते.

डिस्चार्जनंतरचा खर्च तर बिलात येतच नाही. नर्सिंग ब्यूरोची बाई बारा तासांची की चोवीस तासांची, घरी येणारा फिजिओ आठवड्यात तीनदा की सहादा, भाड्याचा पलंग, कमोडची खुर्ची. आत्याला दहा दिवस बाई लागली. काकांना सात आठवडे. एस्टिमेट मागताना आम्ही हॉस्पिटलचा आकडा विचारला आणि घरचा विचारायला विसरलो, आणि घरचा काही थोडा नव्हता.

वरच्या सगळ्यापेक्षा महाग गोष्ट म्हणजे नवीन सांध्यात जंतुसंसर्ग. सुदैवानं ती काकांना झाली नाही. गुडघ्यांच्या बाबतीत शंभरात एक-दोघांना होते. अनियंत्रित मधुमेह, कुपोषण, तंबाखू, अतिस्थूलता यांनी शक्यता वाढते. मग बरेचदा बसवलेला सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा, कित्येक आठवडे औषधं, आणि पुन्हा ऑपरेशन करून रिव्हिजनचा, म्हणजे दुसऱ्यांदा बसवायचा सांधा. त्या रिव्हिजन इम्प्लांटचीच २०१७ च्या आदेशातली मर्यादा १,१३,९५० रुपये होती, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून जास्त, आणि दोन मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चापुढे ती रक्कमही किरकोळ. भूलतज्ज्ञ नऊच्या शुगरवर "नाही" म्हणतात ते यासाठी.

वय स्वतः काय करतं

म्हणजे वयाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो दोन्ही दिशांनी चालतो.

ऐंशीनंतर हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं यांची क्षमता उतरलेलीच असते. औषधांची यादी लांब असते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या यावर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांची बोलणी होतात. सगळं ठीक असलं तरी थोडी जादा देखरेख ठेवतात. हा खर्च वयाचाच.

उलट बाजू मात्र कोणी सांगत नाही. तरुणपणी बदललेला सांधा जन्मभराच्या हिशेबात महाग पडू शकतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांत पुढे आयुष्यात तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के होती. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत गेली. पन्नाशीतला माणूस जास्त चालतो, जास्त पळतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे आयुष्य जास्त असतं. संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असं २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. ८१ व्या वर्षी हा आकडा ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे मी एकशे सहा वर्षांची होईपर्यंत गॅरंटी." तिचा गुडघा बहुधा शेवटचा. ५२ व्या वर्षी बदलणाऱ्यानं मात्र दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे मनात धरूनच पहिलं करावं.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, हाही प्रश्न इथेच येतो. एकदम केल्यास एकच भूल, एकच मुक्काम, थिएटर एकदाच, त्यामुळे दोन वेगळ्या ऑपरेशनांपेक्षा स्वस्त. टाकी भरलेली असेल तर हा हिशेब बरोबर ठरू शकतो. खंगलेल्या माणसाला मात्र पाणीकपात दुप्पट होते आणि वाचवलेले पैसे एचडीयूत जातात. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा आपल्या मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात बदलला तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. सर्जन न्यूयॉर्कहून आलेले चित्तरंजन राणावत. दुसरा गुडघा त्याच हॉस्पिटलात जून २००१ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. पैशांची चिंता नसलेल्या पेशंटचंही वेळापत्रक असं दोन हप्त्यांत होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन करावं लागतं ती वेगळीच गोष्ट. तिथे तयारीला सात आठवडे नसतात. बाथरूममध्ये पडलेली आजी दोन दिवसांच्या आत थिएटरात गेलेली बरी, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. त्याहून उशीर झाला तर पाठीला जखमा, न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि लांबलेला मुक्काम. ज्या घरात पैशांची जुळवाजुळव किंवा विमा कंपनीकडून कॅशलेसची मंजुरी यात तीन-चार दिवस गेले, तिथे वाट बघण्याचेच पैसे बिलात चढतात. बरेचदा अशा वेळी पूर्ण खुबा न बदलता फक्त गोळा बदलतात. तो सांधा स्वस्त पडतो, पण मुक्कामाचं ओझं जास्त असतं.

मेडिक्लेम वय बघतो, थकलेलं शरीर बघत नाही

विम्याचं जग जन्मतारखेवर चालतं. हप्ता वयानुसार, ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत बिलाचा १० ते २० टक्के वाटा तुमचा (याला को-पे म्हणतात), आणि सांधेरोपणासाठी बहुतेक ठिकाणी पॉलिसी घेतल्यापासून दोन-तीन वर्षं थांबायचं. अपघातानं हाड मोडलं तर ही थांबायची अट सहसा नसते. ६५ च्या वर आहात म्हणून नवी पॉलिसी देतच नाही, ही जुनी रीत विमा नियामकानं एप्रिल २०२४ पासून मोडली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, असंही कंपन्यांना सांगितलं. चांगलं आहे. पण खोलीभाड्याच्या मर्यादेचा सापळा जिथल्या तिथे आहे आणि खंगलेला पेशंट त्यात जास्त खोल अडकतो.

उदाहरण घेऊ, आकडे कल्पनेतले. समजा पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. तुम्ही आठ हजारांची खोली घेतली आणि मुक्काम आठ दिवस झाला. खोलीचे ६४ हजार, सर्जन-भूलतज्ज्ञ-ओटी-नर्सिंग मिळून १ लाख ६० हजार, इम्प्लांट-औषधं-तपासण्या १ लाख २० हजार. एकूण ३ लाख ४४ हजार. कंपनी म्हणते, तुम्ही पाचाच्या जागी आठाची खोली घेतलीत, म्हणून फीसुद्धा पाच-अष्टमांशच देणार. खोलीचे ४० हजार, फीचे १ लाख. २०२० च्या नियमांनुसार इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून ते १ लाख २० हजार पूर्ण. झाले २ लाख ६० हजार. त्यातून २० टक्के को-पे गेला, हाती २ लाख ८ हजार. तुमच्या खिशातून १ लाख ३६ हजार. यात हातमोजे, डायपर वगैरे न मिळणाऱ्या वस्तू मी धरलेल्याच नाहीत.

चार दिवसांचा मुक्काम असता तर निदान खोलीभाड्यावरची कात्री निम्मी लागली असती. म्हणून टाकी निम्मी असलेल्या माणसानं खोली निवडताना मर्यादेच्या आतच राहावं. "चार दिवसांचाच प्रश्न आहे, घेऊ सेपरेट" हे वाक्य त्याच्यासाठी नाही. शिवाय पाच हजारांहून जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही आहे.

सरकारी योजनांमध्ये उलटं चित्र आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात "आरोग्यमित्र" बसतात. कोणतं ऑपरेशन कुठे बसतं, हे त्यांनाच कार्ड दाखवून विचारावं. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हेही मुंबईत पुष्कळांना ठाऊक नसतं.

पण योजनेचं पॅकेज म्हणजे ठरलेली रक्कम. पेशंट चौथ्या दिवशी गेला काय नि बाराव्या दिवशी गेला काय, हॉस्पिटलला पैसे तेवढेच. जादा दिवस हॉस्पिटलच्या खिशातून. म्हणजे हिशेबी हॉस्पिटलला धडधाकट पेशंट आवडणार, आणि खंगलेल्याला "तुम्ही केईएमला दाखवा, तिथे सगळ्या सोयी आहेत" असं ऐकू येणार. हा दोष एका डॉक्टरचा नाही, दराच्या रचनेचा आहे. अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यानं गुडघा-खुब्यासाठी असंच ठरीव रकमेचं धोरण आणलं, तेव्हा हीच टीका झाली. पुढे त्यांना वय आणि इतर आजारांचा हिशेब त्यात घालावा लागला. आपल्याकडेही तसं व्हायला हवं, असं माझं मत आहे. तोवर केईएम, सायन, नायर, जेजे या महापालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांच्या वॉर्डांत सगळ्यांत कठीण पेशंट आणि सगळ्यांत लांब रांगा एकत्र दिसत राहणार.

सात आठवडे

काकांची तारीख पुढे ढकलली गेली तेव्हा आम्हाला तो नुसता खोळंबा वाटला. आता वाटतं, त्या सात आठवड्यांचा आम्ही अर्धाच उपयोग केला. शुगर उतरवली, बाकी काही नाही.

काय करता आलं असतं? हिमोग्लोबिनचं कारण शोधून लोह भरून काढणं. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, पलंगावर बसूनसुद्धा होतात. दात तपासणं, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. आणि जेवण. आपल्याकडे म्हातारी माणसं रात्री चहा-खारी किंवा दूधपोळी खाऊन झोपतात आणि त्याला "हलकं जेवण" म्हणतात. काकांचं तेच होतं. त्यात प्रथिनं नावालाच. मुगाची उसळ, दही, अंडी, मासे, यांतलं जे घरात चालतं ते रोज दोन वेळा पोटात गेलं, तर जखम भरायला माल मिळतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. याचा खर्च एचडीयूतल्या एका रात्रीच्या पासंगालाही पुरणार नाही.

घरही तयार करावं लागतं. बाथरूमला दांडी, भारतीय संडासावर कमोडची खुर्ची, पायात येणारं पायपुसणं उचलून ठेवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हॉस्पिटलात सोबत नेणं. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण रात्री जाग आल्यावर घड्याळ दिसलं आणि नर्सचं बोलणं ऐकू आलं तर माणूस घाटकोपरला उतरायला निघत नाही, किंवा निदान कमी वेळा निघतो. काकांचं यंत्र मुलुंडच्या ड्रॉवरमध्ये होतं.

आणि काउंटरवर एस्टिमेट घेताना "पॅकेज किती?" इथे थांबू नये. पॅकेजमध्ये दिवस किती, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचा दर किती, एचडीयूची एक रात्र कितीला, आणि "ह्यांच्यासारख्या पेशंटला साधारण किती दिवस लागतात?" हे सर्जनला विचारावं. शेवटचा प्रश्न विचारला की चांगला सर्जन फाइलमधून डोकं वर काढून पेशंटकडे बघतो, असा माझा अनुभव आहे. काही वेळा उत्तर "ऑपरेशन नको" असंही येतं. पलंगावरून क्वचितच उठणाऱ्या, विस्मरण वाढलेल्या माणसाला नवीन गुडघा देऊन काय साधणार, हा प्रश्न पैशांच्या आधी येतो.

काकांचा डावा गुडघा आता बोलू लागलाय. या वेळी तारीख आधी घेतलेली नाही. काकूंनी जुन्या एस्टिमेटच्या कागदामागे पेन्सिलनं रकाना आखला आहे आणि दर रविवारी जेवणाआधी हॉलमध्ये खुर्ची ते टीव्ही स्टँड असा फेरा होतो, अंतर त्यांनी टेप लावून मोजलंय. पहिल्या रविवारी २३ सेकंद. मग २१, २१, १९. एका रविवारी काही लिहिलेलं नाही, त्या दिवशी नातवाचा वाढदिवस होता. परवाचा आकडा १६ आहे.